लहान मुलांच्या वर्गात विज्ञानकथेचं चित्रपुस्तक: कोणतं निवडावं?

विज्ञानकथेचं चित्रपुस्तक निवडताना नजर आधी मुखपृष्ठावर जाते. रॉकेट आहे, रोबो आहे, म्हणजे मुलांना आवडेलच. पण चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गात पुस्तक रंगणार की नाही, हे दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. कथेत आपल्या रोजच्या जगाचे किती नियम बदलले आहेत, ते मोजा. एकच नियम बदलला असेल, उदाहरणार्थ, गावातलं गुरुत्वाकर्षण एका सकाळी बंद पडलं, तर पाच वर्षांचं मूलही विचारतं, "मग दूध पेल्यात कसं राहील?" हा प्रश्न आला की काम झालं. तेच वेगळा ग्रह, दोन सूर्य, उलटा वाहणारा काळ आणि उडणारी घरं एकदम आली, की मुलं चित्रं पाहतात, "भारी!" म्हणतात आणि गप्प बसतात. पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला त्यांच्या हाती पक्कं काहीच उरलेलं नसतं.

म्हणून पहिली कसोटी ही: "या गोष्टीतल्या जगात काय वेगळं आहे?" याचं उत्तर एका वाक्यात देता येतं का? येत नसेल, तर पुस्तक कितीही देखणं असो, आठ वर्षांच्या आतल्या वर्गासाठी बाजूला ठेवा.

शब्दांसह की शब्दांविना

सहा वर्षांपर्यंतच्या वर्गासाठी आमचं मत स्पष्टपणे शब्दविरहित पुस्तकाच्या बाजूने आहे. वाचता येणारं आणि न येणारं मूल तिथे एकाच पायरीवर असतं. घरी वेगळी भाषा बोलणारं मूलही पहिल्याच दिवशी बोलू लागतं.

मात्र अशा पुस्तकात एक चूक हमखास होते. शांतता सहन न होऊन शिक्षक स्वतःच गोष्ट सांगायला लागतात आणि मुलं ऐकणारी होऊन बसतात. यावर उपाय म्हणजे पहिली फेरी पूर्ण शांततेत करायची. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, त्यात कथेची 12 ते 14 जोडपानं (उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं). प्रत्येक जोडपान 10 सेकंद दाखवलं तर अडीच मिनिटांत पुस्तक संपतं. दुसऱ्या फेरीत फक्त दोन प्रश्न: "काय दिसतंय?" आणि "कशावरून म्हणतेस?" दुसरा प्रश्न विसरू नका. मूल म्हणालं, "तो घाबरलाय," की ते चित्रातल्या खांद्यांकडे, सावलीकडे, मागे पडलेल्या बुटाकडे बोट दाखवू लागतं, आणि पुरावा शोधण्याची सवय तिथून लागते.

काही शब्दविरहित पुस्तकांत एका पानावर सहा-आठ चौकटी असतात. चौकटींचा क्रम लहान मुलांना आपोआप कळत नाही. वरून खाली जायचं की डावीकडून उजवीकडे, हे बोट फिरवून दाखवावं लागतं. चार-पाच वर्षांच्या गटासाठी एका जोडपानावर एक मोठं चित्र असलेलंच पुस्तक घ्या.

शब्दांचं पुस्तक सात-आठ वर्षांच्या मुलांना जास्त देतं, कारण यंत्र कसं चालतं, कोणी काय ठरवलं, हे सगळं चित्रात मावत नाही. निवडताना दोन गोष्टी तपासा. एका पानावर चाळीस-पन्नासपेक्षा जास्त शब्द असतील, तर मोठ्याने वाचताना चित्र पाहायला उसंत मिळत नाही. आणि ग्रहांची, यंत्रांची घडवलेली नावं दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. अनोळखी नाव आलं की ऐकणारं मूल तिथेच अडकतं आणि पुढची दोन वाक्यं निसटतात.

रोबो, अंतराळ की परग्रहवासी

एकाच विषयाने सुरुवात करायची असेल तर रोबो निवडा. रोबो काय करू शकतो आणि त्याला सांगणारं कोण, हा प्रश्न मुलांच्या आवाक्यातला आहे, आणि पुस्तकातून थेट खेळात उतरता येतं. जमिनीवर खडूने 5 बाय 5 घरांचा चौकोन आखा, प्रत्येक घराची बाजू 30 सेंटिमीटर. एक मूल रोबो होतं, दुसरं सूचना देतं: "दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, एक घर पुढे." चौकोन न आखता "तीन पावलं" म्हटलं तर खेळ फसतो, कारण प्रत्येकाचं पाऊल वेगळं. दुसरा घोळ उजव्या-डाव्याचा. सूचना देणारं मूल समोर तोंड करून उभं असेल, तर त्याची उजवी बाजू रोबोची डावी होते. रोबोच्या उजव्या मनगटाला रंगीत फीत बांधा आणि सूचना देणाऱ्याला त्याच्या मागे उभं करा.

खेळ जमला की सगळ्या सूचना आधी कागदावर बाणांनी लिहून एकदम द्यायला सांगा. मंगळावरच्या रोव्हरचं असंच चालतं. पृथ्वीवरून संदेश पोहोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात, त्यामुळे "थांब, थांब, डावीकडे!" असं ओरडून उपयोग नसतो. रोबो भिंतीला धडकला की मुलं स्वतःच कागदाकडे वळतात आणि चुकलेला बाण शोधतात.

रोबोच्या पुस्तकांचा एक धोका आहे. बहुतेक कथांत रोबोला रडू येतं, एकटं वाटतं. कथा म्हणून ते छानच. पण खऱ्या बोलणाऱ्या उपकरणालाही भावना असतात, असं मुलं त्यावरून धरून चालतात. वाचून झाल्यावर "हे आज होतं", "पुढे कदाचित होईल" आणि "होणारच नाही" असे तीन रकाने करून पुस्तकातल्या गोष्टी मुलांनाच लावू द्या. वाद मधल्या रकान्यावर होतो; तो मिटवण्याची घाई करू नका.

अंतराळाची पुस्तकं सर्वांत आकर्षक आणि चुकांनी सर्वांत भरलेली. चंद्रावर हेल्मेट काढून हसणारा अंतराळवीर, हवा नसलेल्या जागी कानठळ्या बसवणारा स्फोट, चंद्रकोरीच्या दोन टोकांमध्ये चमकणारी चांदणी (तिथे चंद्राचाच अंधारातला भाग असतो, त्यामुळे मागची चांदणी दिसूच शकत नाही). लेखकाने मुद्दाम बदललेला नियम आणि चित्रात नकळत राहिलेली चूक यांत फरक करा. पहिली गोष्ट कथेचा प्राण आहे. दुसरी सात वर्षांपुढच्या मुलांना शोधायला द्यावी; त्याहून लहान मुलांसाठी असं पुस्तक टाळलेलं बरं. ओळखीच्या घरात काय खोटं हे त्यांना कळतं, पण अंतराळाचा त्यांना अनुभवच नसतो, मग ताडून पाहणार कशाशी?

या पुस्तकांसोबत प्रमाण दाखवणारी एक कृती नक्की करा. पृथ्वी म्हणून 12 सेंटिमीटर व्यासाचा चेंडू घ्या, चंद्र म्हणून सुमारे 3.3 सेंटिमीटरची मातीची गोळी करा, आणि "चंद्र कुठे ठेवायचा?" असं विचारा. मुलं तो चेंडूच्या अगदी शेजारी ठेवतात, कारण चित्रांत तसाच असतो. खरं अंतर या प्रमाणात 3.6 मीटर येतं. चंद्रावरचं वजन जाणवून द्यायला सहा सारख्या वह्यांची पिशवी उचलायला द्या, मग त्यातल्या पाच काढून पुन्हा उचलायला द्या. तीच पिशवी चंद्रावर इतकी हलकी लागेल.

परग्रहवासी पाहुणा येतो, ती पुस्तकं भाषेसाठी उत्तम. पेन्सिल कधीच न पाहिलेल्याला तिचं नाव न घेता ती समजावून सांगायची, एवढ्या एका कृतीवर अर्धा तास जातो. पण वर्गात नुकतंच नवीन मूल आलं असेल, तर हे पुस्तक काही आठवडे थांबवा. "परग्रहवासी" हे टोपणनाव कोणाला चिकटेल ते आधीच दिसत असतं. परका जिथे फक्त कुरूप आणि भीतिदायक आहे, अशी पुस्तकं नकोतच.

कालप्रवासाच्या कथा आठ वर्षांनंतर. "काल" आणि "मागच्या आठवड्यात" यांतच गोंधळणाऱ्या मुलांसाठी मागे-पुढे उड्या मारणारी गोष्ट म्हणजे नुसते विखुरलेले प्रसंग.

माहितीपुस्तक आधी की विज्ञानकथा

दोन्ही हवीत, प्रश्न क्रमाचा आहे. माहितीपुस्तक आधी वाचलं, तर कथा सुरू होताच दोन-तीन हुशार मुलं "हे खोटं आहे" म्हणत बसतात आणि बाकीच्यांचा रस जातो. कथा आधी वाचा, उठलेले प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी माहितीपुस्तकात उत्तरं शोधा. अपवाद एकच: कथेतला मूळ विषयच मुलांना अनोळखी असेल, तर माहितीपुस्तकातली दोन चित्रं आधी दाखवा, जास्त नाही.

छापील पुस्तक की प्रोजेक्टर

पंधरापर्यंत मुलं असतील तर छापीलच. अर्धवर्तुळात बसवा आणि शेवटचं मूल दोन मीटरपेक्षा लांब नको. त्यापलीकडे चित्रातले बारकावे जातात. पान उलटण्याआधी त्याचा कोपरा धरून थांबलं की मुलं आपसूक अंदाज बांधू लागतात, आणि पडद्यावर हे साधत नाही. तीस मुलं असतील तर दोन गट करून दोनदा वाचा. ते शक्यच नसेल तर प्रोजेक्टर वापरा, पण खोली पूर्ण अंधारी करू नका. एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले की मुलं बोलायची थांबतात. पडद्यावर जोडपान एकत्रच दाखवा. अर्धं-अर्धं पान दाखवल्यावर डावीकडून उडालेलं यान उजवीकडे उतरतं, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. छापील पुस्तक विकत घेण्याआधी मधली घडी पूर्ण उघडून पाहा. शिवण घट्ट असेल तर बरोबर मधोमध काढलेला रोबो घडीत गडप झालेला असतो.