चार फुटी की सहा फुटी? गोव्यातल्या घरात मोठा फिश टँक बसवण्याआधी

आमच्या घरच्यांत मिळून दोन मोठे टँक आहेत. माझा चार फुटी, फोंड्याजवळच्या गावात, जुन्या घराच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत. तो विहिरीच्या पाण्यावर चालतो. धाकट्या भावाचा सहा फुटी, पर्वरीला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तो नळाच्या, आणि मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर. दोन्ही दोन फूट रुंद, दोन फूट उंच. दोघांचेही तीन-तीन पावसाळे काढून झालेत. "मोठा टँक घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी माझा दाखवतो आणि मग भावाकडे पाठवतो. तिथून येताना सगळे हरखलेले असतात, आणि तरी बहुतेक जण शेवटी चार फुटीच बसवतात. मला ते बरोबर वाटतं. सहा फुटी टँक माशांना सोपा जातो, माणसाला अवघड.

आधी मापं. चार बाय दोन बाय दोन म्हणजे 16 घनफूट, साधारण 450 लिटर. वरची दोन बोटं रिकामी आणि तळाची वाळू सोडली तर प्रत्यक्ष पाणी 400 लिटर. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे 24 घनफूट, 680 लिटर, प्रत्यक्षात सहाशे. इथे एक सावधगिरी. दुकानात "चार फुटी" म्हणून जो तयार मिळतो तो बऱ्याचदा दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असतो. त्यात जेमतेम 255 लिटर मावतात. लांबी तीच असली तरी टँक निराळा. एंजल फिशला उंची लागते, आणि मोठ्या माशाला वळायला रुंदी. दीड फुटीत पैसे घालण्यापेक्षा काचवाल्याकडून दोन फूट रुंदीचा करून घ्या. चार फुटीला 10 मिलिमीटर काच आणि वरून पट्ट्या, 12 असेल तर रात्री झोप चांगली लागते. सहा फुटीला 12 च्या खाली उतरू नका, वर चारही बाजूंनी पट्टी हवीच. सिलिकॉन काचवाल्याला विचारून घ्या. बाथरूमला लावतात त्यात बुरशीनाशक असतं, ते टँकला चालत नाही. टँक घरी आला की आठवडाभर सुकू द्या आणि पहिलं पाणी अंगणात किंवा गच्चीवर भरून दोन दिवस बघा. गळायचाच असेल तर तिथे गळू दे.

वजनाचं बोलायचं तर माझ्याकडे पाणी, काच, वाळू, दगड धरून साडेपाचशे किलोच्या आसपास होतं. तळमजला आहे, म्हणून मी लोखंडी स्टँडच्या भानगडीत पडलोच नाही. गवंड्याकडून चिऱ्यांचे तीन खांब बांधून घेतले, वर कडप्पा, त्यावर थर्माकोलची शीट. दमट हवेत चिऱ्याला ना गंज ना बुरशी. खाली बादल्या आणि खाद्याचे डबे राहतात. भावाचं लोखंडी स्टँड पावडर कोटिंगचं होतं, तरी तिसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या जागी तांबूस फोड आलेच. साध्या प्लायचा तर विचारही नको, पाणी लागलं की तो फुगून पुस्तकासारखा उघडतो.

त्याचा सहा फुटी, खालच्या संपसकट, म्हणजे फिल्टरच्या काचेच्या पेटीसकट, टनाच्या जवळ जातो, आणि तो सगळा भार 12 चौरस फुटांवर. राहत्या घराची स्लॅब चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखलेली असते, इथे तो चौपट पडतो. याचा अर्थ घर कोसळेल असा नाही, कारण तो आकडा सगळ्या खोलीभर धरलेला असतो. पण टँक कुठे ठेवला याला फार महत्त्व येतं. भावाने इंजिनीयरला बोलावलं. त्याने दोन खांबांमधल्या बीमवरची भिंत दाखवली आणि टँक तिलाच चिकटवायला सांगितलं. बाल्कनीत, म्हणजे भिंतीबाहेर लोंबणाऱ्या स्लॅबवर, चार फुटीही नको. जुन्या घराच्या लाकडी माडीवर तर मुळीच नको, वासे कितीही जाड दिसले तरी.

वीज गेल्यावर

गोव्यात या दोन टँकमधला खरा फरक जून महिन्यात कळतो. झाडाची फांदी तारेवर पडते आणि रात्र अंधारात जाते. माझा फिल्टर कॅनिस्टर आहे, म्हणजे झाकणबंद डबा, दोन नळ्या, आवाज जवळजवळ नाही. भावाचा संप आहे. वरच्या टँकमधून पाणी ओव्हरफ्लोने खालच्या काचेच्या पेटीत पडतं, स्पंज आणि सिरॅमिकच्या नळकांड्यांमधून फिरतं, आणि पंप ते वर ढकलतो.

पहिल्याच जूनमधली गोष्ट. पहाटे साडेपाचला भावाचा फोन आला, "दादा, हॉलमध्ये पाणी." रात्री वीज गेली, पंप थांबला आणि वर चढवणारी नळी उलटी वाहायला लागली. नळीचं तोंड टँकमध्ये पाण्याखाली चार इंच होतं. सहा बाय दोनच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, 28 लिटर. चार इंच म्हणजे 113. संपमध्ये जागा होती चाळीसएक लिटरची. उरलेलं सोफ्याखालून थेट दारापर्यंत, आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला. नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह होता हो, पण त्यात नखाएवढ्या गोगलगायीचं रिकामं कवच अडकलेलं. ते कवच भावाने अजून ठेवलंय, खाद्याच्या डब्यावर.

दुरुस्ती फुकटातली होती. नळीला पाण्याच्या पातळीच्या अगदी लगेच खाली एक भोक पाडलं, पातळी थोडी उतरली की त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. मग पंप बंद करून सगळं पाणी खाली येऊ दिलं आणि संपमध्ये किती मावतं त्याची मार्करने काचेवर रेघ मारली. संप घेणार असाल तर ही चाचणी पहिल्याच दिवशी करा, मासे आणायच्या आधी, आणि व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका.

माझं नुकसान कमी ओलं होतं पण जास्त वाईट. नऊ तास वीज नव्हती. आल्यावर कॅनिस्टर आपोआप सुरू झाला आणि खोलीत कुजक्या अंड्याचा वास पसरला. बंद डब्यात पाणी फिरायचं थांबलं की आतले जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि मरायला लागतात, पुढे सगळंच सडतं. तो काळपट घोट सरळ टँकमध्ये गेला. संध्याकाळपर्यंत दोन एंजल गेले, त्यातला एक माझा सगळ्यात जुना. आता दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ वीज गेली की मी आधी डबा उघडतो, आतलं पाणी फेकतो, स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळतो आणि मगच बटण दाबतो. संप उघडा असल्याने त्यात हा धोका बराच कमी.

मोठ्या टँकमध्ये मासे जास्त वेळ तगतात असं म्हणतात. दोन्ही टँक दोन फूट उंच, म्हणजे लिटरमागे हवेला लागणारा पृष्ठभाग दोघांचा सारखाच. मासे किती भरलेत यावर सगळं ठरतं. जागा आहे म्हणून भाऊ मासे भरत गेला नाही, म्हणून त्याचे वाचतात. त्यातून पाणी गरम असलं की प्राणवायू आधीच कमी विरघळतो. 25 अंशांना लिटरमागे 8.2 मिलिग्रॅम, 30 ला साडेसात. मे महिन्यात माझा थर्मामीटर 31 दाखवतो. पुण्याकडचे लोक सांगतात, पाण्यावर पंखा लावा, दोन-चार अंश उतरतात. तिकडच्या कोरड्या हवेत उतरत असतील. इथे हवाच ओली, पाणी उडून जाणार कुठे? एक अंश उतरला तरी आनंद. हीटरची मात्र गोव्यात सहसा गरज पडत नाही.

इन्व्हर्टर असेल तर टँकचा पॉइंट त्यावर घ्या, फक्त पंप आणि एअर पंप, दिवे नकोत. 40 वॅटचा पंप म्हणजे छताच्या जुन्या पंख्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, बॅटरीला जाणवतही नाही. भावाच्या घरी इन्व्हर्टर होता, पण इलेक्ट्रिशियनने त्याला दिवे-पंखेच जोडले होते. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर स्वतःच सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर, एवढं चार फुटीला पुरतं. सहा फुटीला असे दोन लागतील, दोन टोकांना. आणि टँक कुठलाही असो, 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. प्लगकडे जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोळासारखी लोंबू द्या, थेंब तिथूनच गळतो.

विहीर, नळ आणि टँकर

जांभ्या दगडातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. बादली काढल्या काढल्या टेस्ट किट लावला तर माझ्याकडे पीएच 6 येतो. तीच बादली रात्रभर एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड, लावून ठेवली की सकाळी पावणेसात, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. म्हणून ताजं उपसलेलं पाणी मी कधी सरळ ओतत नाही. एंजल, टेट्रा, कोरिडोरास यांना हे पाणी मानवतं. तोटा एवढाच, की पीएचला आधार देणारे क्षार कमी. माशांचा अमोनिया पचवताना जिवाणू ते थोडे क्षारही खातात, आणि पीएच एक दिवस गडगडतो. यावर इलाज आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची कवचं, खाऊन झाल्यावरची, उकळून, घासून, उन्हात वाळवून मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये टाकली. तेव्हापासून पीएच पुन्हा पडला नाही. ओंजळभर टाकू नका, मऊ पाण्याच्या माशांना तेही सोसत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड पाळायचे असतील तर मात्र भरपूर टाका, त्यांच्या सरोवराचा पीएच आठच्या आसपास असतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन, त्याला सोडियम थायोसल्फेटचे थेंब, किंवा ते पाणी एक दिवस उघडं ठेवायचं. भावाचं खरं दुखणं टँकर. या वेळचं पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या खाणीच्या खड्ड्यातलं, कोण सांगणार? तो प्रत्येक टँकर तपासतो आणि शंका आली की त्या आठवड्यात पाणी बदलतच नाही.

बदलणं हे दर आठवड्याचं काम, पाव टँक. माझे 100 लिटर, म्हणजे पाच बादल्या. जुनं पाणी नळीने सरळ अळवाच्या वाफ्याला जातं, आणि अळू असं माजलंय की शेजारी मागायला येतात. त्याचे 150 लिटर बाथरूमपर्यंत नळी ओढून मोरीत. मे महिन्यात सोसायटीत दोनच तास पाणी असताना 150 लिटर मोरीत सोडायचे म्हणजे भावजयीच्या तोंडाला तोंड द्यावं लागतं, आणि ती चूक नाही. ते पाणी आता फरशी पुसायला आणि गॅलरीतल्या कुंड्यांना जातं.

मासे आणि वेळ

कुठलाही टँक भरला की चार ते सहा आठवडे मासे घालू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला तेवढे लागतात. माझ्या जुन्या स्पंजचा तुकडा नेऊन भावाने ते तीन आठवड्यांवर आणलं. ओळखीच्या कुणाकडे निरोगी टँक असेल तर हे मागून घ्या, त्याला काही लागत नाही.

चार फुटीत पाच एंजल, पंचवीसेक लेमन टेट्रा, आठ कोरिडोरास असं नीट बसतं. निऑन घालू नका, एंजल मोठे झाले की ते त्यांचं जेवण. सहा फुटीत सिल्व्हर डॉलरचा थवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट जातो आणि मग एकदम वळतो, ते चार फुटीत दिसत नाही. डिस्कसला 28 ते 30 अंश लागतात, गोव्यात ते वर्षातले बरेच महिने फुकटात मिळतात, पण पाणी बदलायचा आळस असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. गोल्डफिशला इथला उन्हाळा सोसत नाही. ऑस्कर फूटभर होतो, आणि काच साफ करायला म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फिश त्याहून मोठा. तो नकोसा झाला म्हणून ओढ्यात किंवा कालव्यात सोडू नका, तिथल्या माशांचं वाटोळं होतं.

झाडांचं थोडक्यात: जावा फर्न, अनुबियास. दोन्हीकडे चालतात.

तेव्हा माझं म्हणणं असं. पहिलाच मोठा टँक असेल तर चार बाय दोन बाय दोन, कॅनिस्टर, जोडीला बॅटरीचा एअर पंप. सहा फुटी हवाच असेल तर भिंतीखाली बीम, नळी पोहोचेल इतक्या जवळ मोरी आणि इन्व्हर्टरवर पॉइंट या तिन्ही गोष्टी हव्यात. दोन असतील तर पाच फुटीवर या. सहा फुटीला कॅनिस्टर दोन लागतात आणि तेवढ्या पैशात संप पंपासकट होतो, म्हणून तिथे संपच. आणि काचवाल्याला मापं देण्याआधी टेस्ट किट घेऊन आपल्या पाण्याचा पीएच आणि कठीणपणा तपासा, मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा.

चवथीला फ्लॅट बंद करून पाच दिवस गावच्या घरी यायचं असतं, तेव्हा भाऊ माशांना उपाशीच ठेवून येतो. धडधाकट मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. पहिल्या वर्षी त्याने किल्ली आणि खाद्याचा डबा शेजाऱ्यांकडे दिला होता. परत आला तेव्हा डबा रिकामा होता आणि पाणी दुधासारखं.