पोलो ३२ मिलिमीटर खाली : नागपुरातल्या अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर गाडीची उंची कमी करायला स्प्रिंगा बदलल्या, त्याला आता अकरा महिने झाले. एवढ्यात गाडी १३,४०० किलोमीटर चालली. आपला मे महिना गेला, अख्खा पावसाळा गेला, समृद्धीवर चार फेऱ्या झाल्या आणि घरचे पाचही जण बसून दोनदा रामटेकला जाऊन आलो. नव्या स्प्रिंगा टाकल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच खूश असतात. मी मुद्दाम पावसाळा संपेपर्यंत थांबलो.

गाडी २०१७ची पोलो, दीड लिटर डिझेल. काम केलं तेव्हा ६८,००० किलोमीटर झाले होते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई; तिथे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. मागची स्प्रिंग काढणं फारच सोपं, म्हणूनच बरेच गॅरेजवाले "कापून देतो ना भाऊ, कशाला पैसे घालवता" असं सहज म्हणून जातात.

कापलेल्या स्प्रिंगा मी वापरल्या आहेत, पहिल्या हॅचबॅकवर. कामठी रोडच्या बाजूला एका गॅरेजात गॅस कटरने दीड-दीड वेढा उडवून घेतला होता. गाडी दिसायची सुरेख. पण रिकाम्या रस्त्यावरही ती बेडकासारखी उडायची, आणि मनीषनगरच्या आतल्या रस्त्यांवर ब्रेकर उतरताना मागून 'टक' असा आवाज यायचा. शेवटी जॅक लावून चाक लटकवलं तेव्हा दिसलं: स्प्रिंग बैठकीतून सुटून हाताने गोल फिरत होती. उंच ब्रेकरवरून चाक पूर्ण खाली लोंबलं की स्प्रिंग मोकळी, आणि चाक परत वर आलं की ती जशी सापडेल तशी बसायची. त्या दिवशी ती वाकडी बसून टायरला लागली असती तर काय झालं असतं, हा विचार मला आजही नकोसा वाटतो.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. स्प्रिंगचा ताठपणा कामातल्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक कापला, तर उरलेली स्प्रिंग वीस टक्के ताठ होते. पण गाडी जितकी खाली आली, तितकी चाकाला वर यायची जागाही गेली. ऐंशी मिलिमीटर जागा असेल आणि गाडी चाळीसने खाली आणली, तर उरली निम्मी. वीस टक्के ताठपणाने निम्मी गेलेली जागा भरून निघत नाही. मग प्रत्येक खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आपटते आणि आपण म्हणतो, सस्पेन्शन 'हार्ड' झालं. ते हार्ड होत नाही, संपतं. शिवाय गॅसच्या ज्वाळेने पोलादाचं पाणी उतरतं, तिथली तार पुढे दबत जाते.

मुद्दाम कमी उंचीसाठी बनवलेल्या स्प्रिंगांचं गणित वेगळं. तार आणि वेढे नव्याने ठरवलेले असतात, ताठपणा जास्त असतो, आणि बऱ्याच संचांत एका टोकाचे वेढे जवळजवळ असतात. भार आला की ते आधी मिटतात आणि मग उरलेले, जास्त ताठ वेढे काम करतात. चाक लोंबल्यावर हेच जवळचे वेढे उघडून स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. आयबाख, एच अँड आर ही या कामातली जुनी जर्मन नावं सगळ्यांना माहीत आहेतच. मी घेतलेला संचही जर्मन बनावटीचा, ३० मिलिमीटरचा, म्हणजे गाडी साधारण तेवढी खाली आणणारा. सोबत चारही शॉकअप नवे घेतले, कारण ६८,००० किलोमीटर झालेल्या मऊ शॉकअपवर ताठ स्प्रिंग ठेवली की गाडी उसळल्यावर थांबतच नाही. सगळं मिळून मजुरीसकट ५८,००० रुपये लागले. यात काटकसर करायची असेल तर सध्या थांबा आणि पैसे साठवा. अर्धं काम करू नका.

मोजमाप मी मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यबिंदूपर्यंत घेतलं. जमिनीपासून मोजलं तर टायरच्या हवेने फरक पडतो. आधी पुढे ३७६ मिलिमीटर, मागे ३८०. बसवल्याच्या दिवशी ३४९ आणि ३५४. दोन आठवड्यांनी, ६०० किलोमीटरनंतर, ३४४ आणि ३५१. नवी स्प्रिंग थोडी 'बसते', म्हणून पक्कं अलाइनमेंट तेव्हाच केलं. त्यानंतर आजपर्यंत एक मिलिमीटरही हललेली नाही. मागच्या रविवारी पुन्हा टेप लावून पाहिलं.

आता फिटिंगबद्दल, कारण मला खरा त्रास स्प्रिंगांनी दिला नाही, फिटिंगने दिला. शहरातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये काम करून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की पुढून 'कट-कट' यायला लागलं. खोलून पाहिलं तर स्ट्रटच्या डोक्यावरची बेअरिंग जुनीच परत टाकलेली होती. काही शे रुपयांचा भाग, आणि त्यासाठी अख्खा स्ट्रट दुसऱ्यांदा उतरवावा लागला. दुसरी चूक पाच महिन्यांनी बाहेर आली. पुढच्या डाव्या लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, मागचं बुश (सांध्यातलं रबर) फाटलं. जॅकवर गाडी घेऊन टॉर्च मारला तेव्हा रबरात अर्धवर्तुळाकार चीर दिसत होती, नखाने उघडली तर आत कोरडं, भुरभुरीत. कारण असं: बोल्ट घट्ट केले ते गाडी लिफ्टवर लटकलेली असताना. बुशचं रबर मधल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला की रबराची 'सरळ' स्थिती ती ठरते, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं. गाडी चाकांवर, आपल्या नव्या उंचीवर उभी असताना ते बोल्ट शेवटचे आवळायचे असतात. नुसत्या स्प्रिंगा बदलल्या आणि आर्मला हात लावला नाही, तरी हे बोल्ट एकदा सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळून घ्या. तुमच्या मेकॅनिकला हे आधी विचारा. तो "त्यानं काय होते?" म्हणाला तर दुसरा शोधा.

आणि घरी स्वतः करायचा विचार असेल तर सोडून द्या. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो, बाजारातले स्प्रिंग दाबायचे स्वस्त कॉम्प्रेसर घसरतात.

चालवायला गाडी कशी आहे? उत्तम, एकट्याने किंवा दोघांनी असाल तर. वर्धा रोडवर लेन बदलताना आधी जो झोका जाणवायचा तो गेला. समृद्धीचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाल्यापासून मी त्या रस्त्याने जातो-येतो, त्यामुळे आधीची आणि आताची गाडी एकाच रस्त्यावर ताडून पाहता आली. समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याहून, निघून शंभर-एकशेदहावर असताना आधी बाजूच्या वाऱ्याने स्टिअरिंग सारखं दुरुस्त करावं लागायचं, आता ते निम्म्याने कमी झालंय. किंमत मोजावी लागते ती सिमेंटच्या सांध्यांवर. साधारण साडेचार मीटरवर एक सांधा धरला तर शंभरच्या वेगाने सेकंदाला सहा ठोके होतात. मऊ स्प्रिंगांवर ते कळत नव्हते. आता दीड तासाने ते पाठीला कळतात, आणि मी थांबून चहा घेतो.

शहरात मला वाटलं होतं की ब्रेकर सतावतील, पण त्रास वेगळ्याच ठिकाणी आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. एवढ्या लांब उतारावर पोलोची चारही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, म्हणून मधल्या भागाची जागा सुमारे ४५ मिलिमीटरच खाल्ली जाते. पोटाखालच्या मूळ १६५ मिलिमीटरमधून ३२ गेले तरी १३३ उरतात, म्हणजे चिंता नाही. घासतो तो गल्लीतला हातभर रुंदीचा, लोकांनीच सिमेंटने घातलेला उंचवटा. तो पूर्णच दोन्ही चाकांच्या मध्ये येतो, जितका उंच तितकी जागा खातो. पाच जण आणि भरलेली डिक्की असली की गाडी आणखी चार सेंटिमीटर दबते, आणि मग दहा सेंटिमीटरचा उंचवटाही पोटाला लागतो. रामटेकहून येताना मागे बसलेली बहीण म्हणाली, "दादा, गाडी घासून राहिली ना खाली!" तिरपी काढली की जाते, पण मागून हॉर्न वाजत असताना तिरपी काढायला जागा लागते.

सिमेंट रस्त्यांच्या कडा हा दुसरा प्रकार. रस्ता वर, गल्ली खाली, मधल्या इंटरलॉकिंग ब्लॉकची पट्टी खचलेली. पावसात तिथे पाणी भरलं की खोली कळत नाही. जुलैमध्ये अशाच एका कडेवर पुढचं उजवं चाक जोरात उतरलं. लगेच काही वाटलं नाही. दोन हजार किलोमीटरनंतर टायरवरून तळवा फिरवला तर बाहेरून आत फिरवताना गुळगुळीत, आतून बाहेर फिरवताना करवतीसारखं लागत होतं. टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप, बिघडल्याची ही खूण. गाडी खाली आणल्यावर सगळे कॅम्बरची, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाची, चर्चा करतात, पण ३० मिलिमीटरला कॅम्बर थोडाच बदलतो. टायर खातो तो टो. म्हणून माझा नेम ठरला आहे: दर पाच हजारला अलाइनमेंट, आणि महिन्यातून एकदा चारही टायरवरून हात.

हेडलाइटचा रोख बसवून घ्यायला विसरू नका, दहा मिनिटांचं काम आहे.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी काम करायच्या आधी विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली. अपघातानंतर हा विषय निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी ३० ऐवजी २० मिलिमीटरचा संच घेईन. दिसण्यात फरक कळणारही नाही, पण ते दहा मिलिमीटर पाच जण बसल्यावर फार मोलाचे असतात. वळणावरचा विश्वास तर मुख्यतः ताठपणाने आणि नव्या शॉकअपने येतो, शेवटच्या सेंटिमीटरने नाही. एकटा फिरणाऱ्याने ३० खुशाल घ्यावा. ४० किंवा त्याहून खाली नागपुरात रोजच्या गाडीला नको, हे माझं ठाम मत आहे.

बाबांचं मत पहिल्याच दिवशी ठरलं होतं. "काहून रे, एवढी खाली कशाला केली गाडी? उतरता उतरता गुडघे बोलून राहिले माझे." तेव्हा मी त्यांना हात धरून उतरवायचो आणि विषय तिथेच राहायचा. जानेवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मूळ स्प्रिंगा मी तेलाचा हात लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या. डिसेंबरच्या शेवटी त्या परत बसवतोय, निदान ते काठीशिवाय चालेपर्यंत. स्ट्रटच्या वरच्या नव्या बेअरिंग आणि नवे नट आणून ठेवले आहेत. बुशचे बोल्ट या वेळी गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले जातील, तिथे मी स्वतः उभा राहणार आहे.