नाव बांधायला कोणती गाठ: बोलाइन की क्लोव्ह हिच?
गंगापूर धरणावर नाव बांधायला मी आधी क्लोव्ह हिचच मारायचो. खांबाला दोन वेढे, दुसऱ्याखालून टोक ओढलं की झालं. दोर कमी-जास्त करणंही सोपं. पण वारा फिरून नाव हेलकावे खाऊ लागली की ती सरकते, गुळगुळीत लोखंडी पाइपवर तर हमखास. एकदा चहा पिऊन येईस्तोवर नाव वीस हात आत! बोलाइन म्हणजे दोराच्या टोकाला पक्का फास करणारी गाठ. तिचा फास आवळत नाही, आणि जोराचा ताण येऊन गेल्यावरही गाठीचा मागचा वेढा वाकवून सैल केला की सहज सुटतो. ताण असताना मात्र सोडवता येत नाही. अडीच एचपीच्या मोटरीचा सुरक्षेचा दोर मी बोलाइननेच बांधतो. कारण थरथरीने मोटर नावेला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू ढिले होतात. क्लोव्ह हिच आता फक्त फेंडर (नाव धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला लावायची उशी) टांगायला.