ब्रॉयलर, गावरान, बोकड की नुसतं दूध-पनीर?

रविवारी काय शिजवायचं हे ठरवताना ज्याला त्या जनावराचंही काही वाटतं, त्याच्यासाठी हे लिहितोय. मी मांस पूर्ण सोडलेलं नाही. ब्रॉयलर मात्र सोडली.

ती का, हे कळायला दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यापाशी दोन मिनिटं थांबा. छातीवरची पिसं गेलेली, कातडी लाल, चोच उघडी टाकून धापा. कोंबडी उठते आणि लगेच बसते, कारण एवढ्या छातीचं वजन पायांना पेलत नाही. वय जेमतेम सहा आठवडे, वजन दोन किलोच्या वर, आणि आवाज अजून पिलासारखा चिवचिवता. शेडमधल्या ओल्या तुसावर बसून बसून पायाच्या सांध्यांना चट्टे पडलेले असतात. हे झटपट वाढणं पैदाशीतूनच तिच्या अंगात आलंय, त्यामुळे मनानं चांगला असलेला शेतकरीसुद्धा तिला यातून सोडवू शकत नाही.

गावरान कोंबडी जगून घेते. आजीकडे ती दिवसभर उकिरडा उकरायची, धुळीत अंग घोळायची, खुडूक बसली की जवळ जाऊ द्यायची नाही. मुंगूस, घार यांची भीती असायचीच. खाण्याजोगी व्हायला पाच-सहा महिने लागतात, म्हणून महाग. पण ‘गावरान’ पाटीवर लगेच विश्वास ठेवू नका. वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती त्याच नावानं विकल्या जातात. त्या ब्रॉयलरपेक्षा बऱ्या, पण मोकळ्या फिरल्या की शेडमध्ये वाढल्या, हे विचारायलाच हवं.

बोकडाचा हिशोब वेगळा आहे. एका बोकडाचं दहा-बारा किलो मटण पडतं, ब्रॉयलरचं सोलून दीड किलो. म्हणजे तेवढ्याच मांसासाठी सात-आठ जीव जातात. लाल मांसापेक्षा चिकन बरं म्हणणारे हे मोजत नाहीत. उस्मानाबादी शेळीचं करडू आईमागे बांधावर चरतं, बाभळीच्या शेंगा खातं. त्याच्याही वाट्याला दुःख येतं: भूल न देता चिमट्यानं खच्ची करणं, बाजाराला नेताना टेम्पोत कोंबणं.

आणि मटण सोडून पनीर? इथे बहुतेकांची फसगत होते. दूध हवं तर गाय पुन्हा पुन्हा व्यायला हवी, आणि निम्मी वासरं नर. शेतात ट्रॅक्टर आला, संकरित गोऱ्ह्याला काम उरलं नाही. 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, पण त्याचा चारा कुठून आणायचा हे शेतकऱ्यावरच. मग गोऱ्ह्याला आईचं दूध पुरेसं मिळत नाही, तो खंगतो किंवा मोकाट सुटतो. रेडकाचेही हाल तेच, वर त्याच्या कत्तलीला सरसकट बंदी नाही. अंड्यांचं थोडक्यात सांगतो: लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबडीला पिंजऱ्यात कागदाच्या तावाएवढीही जागा नसते, आणि त्या जातीची नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात.

पूर्ण सोडणं जमत असेल तर सोडा, पण पनीर वाढवून नको. नाहीच जमलं तर आधी ब्रॉयलर आणि पिंजऱ्यातली अंडी बंद करा. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा मटण होतं. बाकीच्या रविवारी मटकीची उसळ, नाहीतर हुलग्याचं माडगं.