टेन्शन मोटर बदलण्याआधी तिच्यातला पॉट तपासा: मॅग्नेटिक सायकलचा १५ महिन्यांचा अनुभव

२४ लेव्हलची, मोटरने लोड (म्हणजे पेडल किती जड लागतं ते) बदलणारी, घरात व्यायामाला वापरायची मॅग्नेटिक सायकल. वापर रोजचा, घरातल्या तिघांचा. वॉरंटी संपून महिना होतो न होतो तोच स्क्रीनवर ई-२ यायला लागलं. लेव्हलचा आकडा ८ वरून १२ वर जायचा, पायाला फरक शून्य. आतून तीन-चार सेकंद घूंऽऽ आवाज, की लगेच एरर. सर्व्हिसवाल्यांनी मशीन न बघताच फोनवर सांगितलं की मोटर आणि कन्सोल (स्क्रीनचा डबा) दोन्ही बदला. खर्च सायकलच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त. प्रत्यक्षात गेलेला भाग पन्नास रुपयांच्या आत मिळतो, आणि तो मोटरही नाही, कन्सोलही नाही.

बाकी मशीनला नाव ठेवायला जागा नाही. बेल्ट, बेअरिंग, सीट सगळं ठणठणीत. लोडसाठी चाकाला काही घासतच नाही. लोहचुंबकाची पट्टी फिरत्या चाकाच्या जवळ आली की धातूत भोवरा-प्रवाह तयार होतात आणि चाक जड होतं. जुन्या वीज मीटरमधल्या ॲल्युमिनियमच्या चकतीला ताब्यात ठेवणारं चुंबक हेच काम करायचं. त्यामुळे झिजण्यासारखं जे काही आहे ते त्या पट्टीला केबलने ओढणाऱ्या मोटरच्या डबीत.

डबीत छोटी डीसी मोटर, नायलॉनचे गिअर, केबल गुंडाळणारी चकती आणि त्याच दांड्यावर पॉट (पोटेन्शिओमीटर), म्हणजे फिरवला की ज्याचा विद्युतरोध बदलतो तो, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसला. चकती किती फिरली हे कन्सोलला कळतं ते फक्त या पॉटवरून. मोटर चालू करूनही पॉटचं माप अपेक्षेप्रमाणे बदललं नाही, तर कन्सोल हात टेकतो आणि एरर देतो. कोडचा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो.

खोलायच्या आधी कान द्या. अजिबात आवाज नसेल तर आधी ॲडॉप्टर आणि कनेक्टर बघा. थकलेला ॲडॉप्टर मोकळा मोजला की ९ व्होल्ट दाखवतो आणि मोटर सुरू होताच बसतो, म्हणून लेव्हल बदलत असतानाच मोजा. मोटरचा आवाज येतो पण केबल हलत नाही, तर गिअरचे दात गेले. केबल थोडी हलून थांबते, तर पॉट खराब किंवा केबल-पट्टी अडकलेली. हे वेगळं करायला केबल मोटरवरून काढून लेव्हल बदलून बघा. मोकळ्या मोटरला एरर येत नसेल तर दोष पट्टीच्या बिजागरीत. समुद्राकाठच्या घरांत ती गंजते; साफ करून तेलाचे दोन थेंब पुरतात.

कव्हरसाठी बहुतेक सायकलींचा क्रँक, म्हणजे पेडल ज्यावर बसतं तो दांडा, काढावा लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. तो ओढून काढायचं हत्यार, क्रँक पुलर, सायकलच्या दुकानात मिळतो. त्याचे आटे पूर्ण आत बसल्याशिवाय जोर लावू नका, नाहीतर क्रँकचे आटे सोलून निघतात आणि तो फुकट जातो. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर आकृती काढून जागच्या जागी टोचून ठेवा. प्लग काढलेलाच हवा.

मोटरला पाच वायरी. रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावा. ज्या दोघींत शंभर ओहमच्या आत माप येतं त्या मोटरच्या. उरलेल्या तीन पॉटच्या. त्यांतल्या ज्या जोडीचं माप चकती फिरवूनही बदलत नाही त्या टोकाच्या, राहिलेली मधली. या सायकलीत टोकाचं माप १० किलोओहम होतं. मोटर फिरवायला चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट, पुरतात. उलटी फिरवायची तर वायरी अदलाबदल करा. पण अर्ध्या अर्ध्या सेकंदाचेच टिचके द्या. पॉट पूर्ण गोल फिरत नाही, आणि शेवटाला पोचल्यावरही मोटर रेटत राहिली तर गिअर फुटतो.

मधली वायर आणि एक टोक यांच्यात मीटर धरून चकती हळूहळू फिरवली की दोष उघड्यावर येतो. माप ३.१, ३.५, ३.९ असं सरकत असताना एकदम ७ वर उडी, मग परत ४.३. उडी नेमकी रोजच्या वापरातल्या ७ ते १० लेव्हलच्या भागात, कारण पॉटमधला कार्बनचा पट्टा तिथेच सर्वांत जास्त घासला गेला. १० किलोओहम २४ पायऱ्यांत वाटले तर एका पायरीला जेमतेम ४०० ओहम. तीन किलोओहमची उडी म्हणजे कन्सोलच्या हिशेबात सात पायऱ्यांची चूक. मग मोटर पुढे-मागे धडपडत राहते.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या फटीत मारून दांडा तीसेक वेळा फिरवला, उड्या गेल्या. घरात असलेलं गंज सोडवणारं तेल मात्र मारू नका. त्याचा चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. इथवर मत असं होतं की एवढ्यावर भागतं.

सहा आठवड्यांनी सुधारणा: भागत नाही. उड्या त्याच जागी परत आल्या. डबी उघडून पॉट सोडवला तर काळ्या पट्ट्यावर नखाएवढी जागा पांढरी पडलेली, खालचा बेस दिसत होता. मळ असेल तर क्लीनरने जातो, झिजलेला कार्बन परत येत नाही. त्यामुळे उड्या ठराविक जागीच असतील तर थेट नवीन पॉट घाला.

घेताना जुन्यावरचं लिखाण वाचा. बी-१०३ म्हणजे १० किलोओहम, बी-५०२ म्हणजे ५. 'बी' म्हणजे समान चढाचा. 'ए' आवाजासाठी असतो, तो घातलात तर लेव्हली वेड्यावाकड्या पडतील. दांड्याचं डी आकाराचं भोक आणि जाडी जुळायला हवी, म्हणून जुना पॉट खिशात घेऊनच जा. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

जुना उपसण्याआधी चकती लेव्हल १ च्या जागी आणून मधली वायर आणि एक टोक यांच्यातलं माप लिहून ठेवा. नवीन पॉट तेवढ्याच मापाला फिरवून मगच बसवा. टोकाच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर कन्सोलला उलटं दिसतं आणि मोटर शेवटापर्यंत पळत सुटते. वायरींना सोल्डरचे टाके मारायला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. गिअरला पांढरं ग्रीस लावा, पॉटजवळ थेंबही नको.

कंपन्यांनी हा पॉट सुटा विकायला हवा. अख्खी मोटर, वर कन्सोल गळ्यात मारणं ही ग्राहकाची सरळ लूट आहे. तरी पुढची सायकल घ्यायची झाली तर हाताने फिरवायच्या नॉबचीच घ्या, असा सल्ला मी देईन. चढ-उताराचे प्रोग्रॅम कुणी वापरत नसेल, तर ही मोटर म्हणजे विनाकारण बिघडायला ठेवलेला भाग.

जोडताना केबल लेव्हल १ ला दोन-तीन मिलिमीटर ढिली हवी. मग २४ वर नेऊन चाक हाताने फिरवा. पट्टी चाकाला कुठेही घासता कामा नये. घासत असेल तर केबलचा नट थोडा सोडा आणि पुन्हा फिरवून बघा. क्रँक लावण्यापूर्वीच हे करा, नाहीतर सगळं परत खोलावं लागतं.