भटजींशिवाय लग्न लावून देणारी सेवा, बहिणीच्या सत्यशोधक लग्नाचा अनुभव

धाकट्या बहिणीचं लग्न २२ सप्टेंबर २०२४ ला झालं, रविवार होता आणि भर पितृपंधरवडा. मुहूर्त बघितलाच नाही. दोघांना सुट्टी कधी मिळते आणि २४ सप्टेंबरच्या जवळचा रविवार कुठला एवढंच बघितलं, कारण २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. साताऱ्याकडचे कार्यालयवाले म्हणाले या पंधरवड्यात इकडं कोण फिरकत नाही, पाहिजे तो दिवस घ्या. लग्न लावून दिलं ते आमच्या भागात सत्यशोधक पद्धतीनं लग्नं लावणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका गटानं. तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलं की कसं असतं, खर्च किती, कायदेशीर असतं का, म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

आधी पैशाचं सांगते. दक्षिणा नाही. गाडीच्या पेट्रोलचे पैसे घेतले आणि जमलं तर गावच्या वाचनालयाला पुस्तकं द्या म्हणाले, बास.

लग्नाआधी दोन बैठका घेतात आणि माझ्या मते खरं काम तिथंच होतं. पहिली बैठक आमच्या घरी, दोन्हीकडची मंडळी, लग्न लावणाऱ्या एक ताई आणि रिटायर झालेले एक सर. ताईंनी साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत आमच्यात जे जे करतात ते सगळं वहीत लिहून घेतलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, हे का करता? हे करू नका असं एकदाही म्हणाल्या नाहीत. हळद सगळ्यांना आवडते म्हणून राहिली. कन्यादान गेलं, बहीणच म्हणाली मी काय दान द्यायची वस्तू आहे का. अक्षतांच्या तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या ठरल्या. मग आईचा विषय निघाला.

बाबा जाऊन सात वर्षं झाली. आईनं कधीच ठरवून टाकलेलं की विधीला काका-काकू बसतील आणि मी मागं बसते. ताईंनी विचारलं, का? आई म्हणाली तसंच असतं. ताईंनी परत विचारलं, का? आई गप्प बसली, चहाच्या कपाची कड बोटानं पुसत राहिली, मग हळूच म्हणाली अपशकुन होतो म्हणतात. ताई म्हणाल्या, "तुमच्या पोरीला तुमचा अपशकुन होईल असं तुम्हाला स्वतःला वाटतं का?" आई म्हणाली, "नाही वाटत." आम्ही दोघी बहिणी इतकी वर्षं तिला असलं काही मानू नकोस म्हणून सांगत होतो, पण तुला काय वाटतं हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार लागलं. काका माळकरी आहेत, दरवर्षी वारीला जातात, पहिला पाठिंबा त्यांनीच दिला. म्हणाले कोल्हापूरकडं हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, अख्खं गाव करतं तर आपल्याला घरात काय अडचण आहे.

आज्जीची काळजी वेगळीच. "मग माझ्या खंडोबाला कुठं ठिवू?" देव्हाऱ्यातले टाक आता काढायला लावतात की काय या भीतीनं तिनं दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं. ताई तिच्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, आज्जी तुमचा देव तुमच्या घरात, त्याला कोण हात लावणार नाही, फुल्यांनी पण देव नाकारला नव्हता, ते त्याला निर्मिक म्हणजे निर्माता म्हणायचे, देव आणि माणसामध्ये दलाल नको एवढंच त्यांचं म्हणणं. आज्जीला हे पटलं की नाही माहीत नाही पण त्या रात्री ती जेवली. भावकी वाळीत टाकेल म्हणून एक मामा घाबरवत होते, त्यांना सरांनी सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे हे समजावून सांगितलं.

लग्नाच्या दिवशी दिवा आईनं लावला. वारं होतं, काडी दोनदा विझली, तिसऱ्यांदा व्याह्यांनी पुढं होऊन हाताचा आडोसा केला. मंगलाष्टकं फुल्यांची, नवरा-नवरीनं स्वतः म्हणायची. त्यात नवरी बायकांच्या हक्कांचं विचारते आणि नवरा सगळ्यांसमोर वचन देतो. असं पहिलं लग्न १८७३ च्या डिसेंबरातच लागलं होतं, आणि पुढं ओतूरच्या बाळाजी पाटलांनी भटजीला न बोलावता लग्न लावलं तर तिथले जोशी आमचा हक्क बुडाला म्हणत कोर्टात गेले होते. हे ताईंनी पाच मिनिटात इतकं छान सांगितलं की मागं गप्पा मारणारे पण गप्प झाले.

आता तक्रार. सरांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे डॉ. दाभोलकर सातारचेच, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, त्याबद्दल सर बोलले तेवढा वेळ मंडपात कोणी हललं नाही. पण नंतर उपास करणाऱ्यांची, नवस बोलणाऱ्यांची टिंगल सुरू केली आणि समोर आमच्या आत्या बसल्या होत्या ज्यांचा त्या दिवशी उपास होता. चार-पाच माणसं उठून गेली. प्रश्न विचारणं वेगळं आणि टिंगल वेगळी, पहिल्या बैठकीत ताईंनी जे कमावलं होतं ते इथं थोडं गेलं असं मला वाटतं. तुम्ही बोलावणार असाल तर भाषण दहा मिनिटं हे आधीच ठरवून घ्या.

रजिस्ट्रेशनला अडचण आली नाही. फॉर्मवर लग्न लावणाऱ्या पुरोहिताच्या सहीची जागा असते तिथं ताईंनी सही केली, तीन साक्षीदार लागले. दोघांचे धर्म वेगळे असतील तर मात्र बहुतेक वेळा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जावं लागतं, त्यात तीस दिवसांची नोटीस असते, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगतात.

शपथेचं राहिलं. छापील कार्डावर नवऱ्याच्या शपथेत "घरकामात पत्नीला मदत करीन" असं होतं. दुसऱ्या बैठकीत बहीण म्हणाली मदत का, काम दोघांचं आहे ना. सर म्हणाले आमची शपथ ठरलेली आहे, सगळे हीच घेतात. ती म्हणाली, सर, ठरलेलं आहे हे उत्तर तुम्ही आमच्या आईकडून घेतलं नव्हतं. सर बराच वेळ कार्डाकडं बघत राहिले, मग खिशातून पेन काढलं, मदत खोडलं आणि "घरकाम वाटून घेईन" लिहिलं, आमच्या लग्नात तेच वाचलं.

भाषणामुळं पाचपैकी चार स्टार. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या भावाचं लग्न याच लोकांनी लावलं, तिनं कार्डाचा फोटो पाठवला. त्यावर आता "वाटून घेईन" छापून आलंय.