कॉम्प्युटरच्या आर्क्टिक पी12 पंख्यांचा पाच नगांचा संच: ठाण्याच्या उन्हाळ्यात वापरून

मानपाड्याला घोडबंदर रोडच्या कडेला आमचं घर. खिडकी उघडली की रस्त्याची आणि मेट्रोच्या कामाची धूळ आत, बंद केली की खोलीची भट्टी. याच बिन-एसीच्या खोलीत मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. मे महिन्यात दुपारी खोलीत 33 अंश असतं, आणि एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) लावला की माझ्या कॉम्प्युटरचा रायझन 7 5700एक्स प्रोसेसर पाच मिनिटांत 90 ला टेकायचा. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच 90 अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो. दोन तासांचं काम तीन तासांवर जायचं आणि नवरीकडचे फोन सुरू व्हायचे.

आधी एका दुकानातून रंगीत दिव्यांचे तीन पंखे बसवून घेतले होते. वर दोन, मागे एक, तिन्ही हवा बाहेर फेकणारे. कळव्याहून भाचा आला होता, त्याने कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याच्या, मागच्या फटींपाशी उदबत्ती धरली. धूर सरळ आत ओढला गेला. "आत्या, बाहेर काढायला तीन आहेत, आत घ्यायला एकही नाही. मग हवा मिळेल त्या फटीतून येणार, धुळीसकट." कॅबिनेट उघडलं, तर ग्राफिक्स कार्डावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ.

मग हा पी12 पीडब्ल्यूएम पीएसटी संच घेतला (पीडब्ल्यूएम म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारे, पीएसटी म्हणजे एकमेकांना जोडता येणारे). पंखे 120 मिलिमीटरचे, वेग मिनिटाला 200 ते 1800 फेरे. दिवे नाहीत. माझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे यांची पाती अडथळ्यातून हवा दाबून ढकलण्यासाठी बनवली आहेत. धूळ अडवणारी बारीक जाळी हा मोठाच अडथळा असतो, त्यामुळे जाळीमागे लावायला असाच पंखा हवा. एका पंख्याची वायर दुसऱ्यात खोचता येते, म्हणून पुढचे तिन्ही मदरबोर्डाच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) एकाच पिनेवर चालतात. मात्र पंख्यामागे छापलेल्या अँपिअरची आधी बेरीज करून बघा. मदरबोर्डाची एक पिन साधारण 1 अँपिअरपर्यंतच भार घेते.

बसवताना दिशा चुकू नका. मोटर धरणाऱ्या चार काड्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

पुढे तीन आत घेणारे, मागे एक बाहेर काढणारा, हे लगेच ठरलं. पाचव्याने मात्र एक अख्खा रविवार खाल्ला. आधी तो वरच्या बाजूला पुढे लावला, तर प्रोसेसर 2 अंशांनी वाढला. पुढून आलेली थंड हवा प्रोसेसरवरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आतच तो वरून बाहेर काढत होता. तोच वर पण मागच्या कोपऱ्यात नेला आणि आकडे उतरले. आता तीन आत, दोन बाहेर. पुन्हा उदबत्ती धरली, तर फटींपाशी धूर बाहेर ढकलला जातो. हवा आत येते ती जाळीतूनच.

त्याच खोलीत, त्याच 33 अंशांत, तोच एक्स्पोर्ट: प्रोसेसर 77, ग्राफिक्स कार्ड 82 वरून 72. तुलना करताना खोलीचं तापमान लिहून ठेवाच. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे डिसेंबरातल्या आकड्यांशी मेची तुलना करून काही कळत नाही. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात होतं, तेही मोजायच्या आधी बाहेर काढलं होतं. तिथे मागून निघालेली गरम हवा फिरून परत पुढूनच आत जायची. आता भिंतीपासून वीतभर लांब ठेवलंय.

बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) पंख्यांना 60 अंशांपर्यंत 40 टक्के आणि 80 ला 85 टक्के वेग लावला आहे. रात्री शेजारी आई झोपलेली असते, तिला आवाजाने जाग येत नाही. ज्यांच्या कॅबिनेटला पुढे जाळी आहे, त्यांनी हा संच बिनधास्त घ्यावा. पुढे अख्खी काच असेल तर आधी कॅबिनेट बदला, पंख्यांचे पैसे नंतर.

जाळी दर दुसऱ्या रविवारी धुते. पाणी अजूनही काळं निघतं. पावसाळ्यात ती वाळायला दीड दिवस लागतो, म्हणून त्याच मापाची दुसरी कापून ठेवली आहे.